हे म्हणणे खरे आहे की

बेलिफ आला तेव्हा मी अंगणात तुरीच्या शेंगा सोलत बसले होते. त्यानं नाव विचारलं, कागदाशी ताडून पाहिलं, दोन प्रती काढल्या, एकीवर माझी सही घेतली, दुसरी हातात दिली. वर थोडे पैसेही दिले. साक्षीदाराचा भत्ता. दिवाणी दाव्यात ज्याला साक्षीदार हवा असतो, त्यानं त्याच्या येण्याजाण्याचा खर्च आधी कोर्टात भरायचा असतो, आणि तो समन्ससोबत साक्षीदाराच्या हाती येतो. रक्कम अशी होती की सुभाषनगरहून सिव्हिल लाइन्सला ऑटोनं गेले असते तर परत पायी यावं लागलं असतं.

"काहून आला होता तो?" हे आतून ओरडले.

"मला कोर्टात बोलावलंय."

"तू काय केलं?"

सही केली होती. अकरा वर्षांपूर्वी.

समन्स खरं तर मीच मागून घेतलं होतं. शेजारच्या काकांचा मुलगा आणि त्याच्या वकीलबाई म्हणत होत्या, तुम्ही आपल्याच आहात, नुसत्या या. पण मी एकतीस वर्षं बँकेत काढली, त्यातली बरीचशी कॅशला. आपलेपणानं आलेल्या माणसाला कागदावर कुणी विचारत नाही, हे मला पक्कं ठाऊक. म्हटलं, मी काकांच्या मुलाकडून येणार नाही, आणि त्यांच्या लेकीच्या विरोधातही येणार नाही. कोर्ट बोलावत असेल तर येईन.

आता मूळ गोष्ट. काका रेल्वेतून निवृत्त झालेले. घर त्यांनी स्वतःच्या पगारातून आणि कर्ज काढून बांधलं. हे सांगायचं कारण असं की वडिलोपार्जित मिळकत माणूस सगळीच्या सगळी मृत्युपत्रानं देऊ शकत नाही, आपल्या हिश्श्यापुरतीच देऊ शकतो. स्वकष्टार्जित मात्र कुणालाही देता येते. काकू आधीच गेल्या होत्या. मुलगा सोबत राहायचा, लेक लग्न होऊन यवतमाळला. मृत्युपत्र नसतं तर 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानं दोघांना निम्मं निम्मं.

2012 च्या जानेवारीतला एक रविवार. काकांनी भिंतीवरून हाक मारली. "बाई, पाच मिनिटं येता का? एक सही पाहिजे. तुम्ही बँकेतल्या, तुमच्या सहीला वजन."

टेबलावर दोन पानी टाइप केलेला कागद होता. स्टँप पेपर नाही, नोंदणी नाही. मृत्युपत्राला या दोन्हींची सक्ती नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. काकांनी चष्मा लावला आणि ओळीखाली बोट ठेवत सगळं वाचलं. दुसऱ्या पानावर एका ठिकाणी बोट थांबलं, काहीतरी पुटपुटले, पुढे गेले. मग दोन्ही पानांवर सही केली. खाली मी केली. दुसरे साक्षीदार, सकाळी त्यांच्यासोबत फिरायला जाणारे गृहस्थ, अजून यायचे होते. मी निघाले तर काका म्हणाले, "थांबा, चहा ठेवतो." मुलगा-सून घरात नव्हते. चहा त्यांनी स्वतःच केला, आलं इतकं घातलेलं की घसा जळला. मी तो फुंकून फुंकून पीत असताना ते गृहस्थ स्कूटरवर आले. काकांनी कागद त्यांच्यासमोर सरकवला. "ही माझी सही. तुमची इथं." त्यांनी काही न वाचता केली. मी कप धुवून घरी आले.

एवढंच. अर्ध्या-पाऊण तासाची गोष्ट.

2017 मध्ये काका गेले. तेराव्यानंतर काही महिन्यांनी लेकीनं घरातला हिस्सा मागितला. भाऊ म्हणाला, बाबांनी घर माझ्या नावानं केलं. ती म्हणाली, दाखव. त्यानं दाखवलं नाही. का नाही दाखवलं, हे मला आजवर कळलेलं नाही. तेव्हाच दाखवलं असतं तर रडारड झाली असती, भांडण झालं असतं, पण कदाचित घरातच. मग वकिलाची नोटीस गेली, तिला उत्तर गेलं नाही, आणि 2018 मध्ये लेकीनं वाटणीचा दावा लावला. त्या वेळी पाच लाखांच्या वरचे दावे वरिष्ठ स्तराच्या दिवाणी न्यायाधीशांपुढे जायचे, तसा हाही गेला. कोर्ट फी तिला लागली नाही. महाराष्ट्रात मिळकतीच्या वादात बाईनं दावा लावला तर 1994 पासून फी माफ आहे. ही गोष्ट कितीतरी बायकांना माहीतच नसते आणि त्या "कोर्टाचा खर्च परवडणार नाही" म्हणून घरी बसतात.

दाव्यासोबत निशाणी 5 चा अर्ज. निशाणी म्हणजे कोर्टाच्या फायलीत कागदाला पडणारा नंबर. अर्ज कशाचा, तर निकाल लागेपर्यंत भावानं घर विकू नये, अशा तात्पुरत्या मनाईचा. दाव्याचं वादपत्र निशाणी 1, तूर्तातूर्त मनाईचा अर्ज निशाणी 5. कोर्टाच्या आवारात लोक "आमचा पाच नंबरचा अर्ज मंजूर झाला" असं परीक्षेत पास झाल्यासारखं सांगतात. भावाला समन्स गेलं. लेखी कैफियत, म्हणजे दाव्याला लेखी उत्तर, 30 दिवसांत द्यायची, फार तर 90 पर्यंत मुदत मिळते. त्यानं ती दिली, आणि मृत्युपत्र प्रथम त्या कैफियतीसोबत बाहेर आलं. लेकीनं बापाचं मृत्युपत्र पहिल्यांदा पाहिलं ते वकिलाच्या टेबलावर, झेरॉक्समध्ये.

पुढे मुद्दे निघाले. मुद्दे म्हणजे कोर्ट दोन्ही बाजूंचं म्हणणं वाचून ठरवतं की नेमका वाद कशाकशावर आहे आणि काय कुणी सिद्ध करायचं. मृत्युपत्र खरं आहे, हे सिद्ध करायचं ओझं ते पुढे करणाऱ्यावर, म्हणजे भावावर. मग 2020 आलं. कोर्ट बंद, पुढे अर्धवट सुरू, परत बंद. 2021 च्या कोरोनात ते स्कूटरवाले गृहस्थ गेले. आणि अशी मी एकटी उरले.

एकटी उरण्याचा अर्थ मला वकीलबाईंनी समजावला. त्यांचं ऑफिस धंतोलीत, वर पत्र्याची शेड, दारात मुन्शी. त्या म्हणाल्या, "मृत्युपत्र साक्षांकित असावं लागतं, किमान दोन साक्षीदार. आणि साक्षीदारांपैकी एक जरी जिवंत असला तरी त्याला कोर्टात आणल्याशिवाय ते पुराव्यात वाचता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्याचं कलम 68." (2024 पासून नवा भारतीय साक्ष्य अधिनियम आला, त्यात हेच कलम 67 आहे. आमचं प्रकरण जुन्यात.)

"म्हणजे मी नाही आले तर?"

"तर तो कागद रद्दी."

मग त्यांनी माझं प्रतिज्ञापत्र पुढे केलं. मला वाटलं होतं की सिनेमातल्यासारखं पिंजऱ्यात उभं राहून सगळी हकिगत सांगायची. तसं नाही. 2002 पासून दिवाणी दाव्यात सरतपास, म्हणजे साक्षीदाराचं स्वतःचं म्हणणं, प्रतिज्ञापत्रावर लिहूनच देतात. उलटतपास तेवढा तोंडी. मुन्शीनं टाइप करून ठेवलेलं होतं, सही कुठं करायची तिथं पेन्सिलची फुलीसुद्धा मारलेली. मी वाचायला घेतलं. मुन्शी घड्याळाकडे बघू लागला.

चार नंबरच्या परिच्छेदात होतं: "मी व सदर दुसरे साक्षीदार असे आम्ही दोघेही एकाच वेळी हजर होतो, मयताने आम्हा दोघांसमक्ष सही केली व तद्नंतर आम्ही एकमेकांसमक्ष सह्या केल्या."

"हे असं झालं नाही," मी म्हटलं.

"काय झालं नाही?"

"ते उशिरा आले. काकांनी सही केली तेव्हा ते नव्हतेच. मी केली तेव्हाही नव्हते."

वकीलबाईंनी पेन खाली ठेवलं. मुन्शी म्हणाला, "मॅडम, तो नेहमीचाच मजकूर आहे. सगळ्यांत असतो." त्याचा काही वाईट हेतू नव्हता. मीही बँकेत छापील फॉर्मवर लोकांच्या सह्या घेतल्या आहेत, "वाचून समजून घेतले आहे" या ओळीखाली, कुणी काही वाचलेलं नसताना. पण दुसऱ्याला सही करायला लावणं वेगळं. शपथेवर माझी जाणार होती.

खोलीत थोडा वेळ फक्त कुलरचा आवाज. (नोव्हेंबरात कुलर कशाला, असं विचारू नका. पत्र्याची शेड आहे.) मला वाटलं, आपण शेजाऱ्याच्या पोराचं घर घालवलं.

मग वकीलबाईंनी विचारलं, "ते आले तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"तिथंच. चहा पीत होते."

"काका काय म्हणाले त्यांना?"

"'ही माझी सही, तुमची इथं.'"

"आणि त्यांनी सही केली, ती तुम्ही पाहिली? काका समोर होते?"

"हो. दोघंही समोर होते. माझ्या कपात अजून चहा होता."

बाई हसल्या. खुर्चीत मागे टेकल्या. मग त्यांनी जे सांगितलं ते माझ्या समजुतीनुसार असं: भारतीय उत्तराधिकार अधिनियम, 1925, कलम 63. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असायची गरज नाही. प्रत्येकानं एक तर मृत्युपत्र करणाऱ्याला सही करताना पाहिलेलं असावं, किंवा करणाऱ्यानं स्वतः त्याला "ही माझी सही" असं सांगितलेलं असावं. आणि साक्षीदारानं आपली सही करणाऱ्याच्या देखत केलेली असावी. काकांनी कायदा वाचला नव्हता, पण "ही माझी सही" हे तीन शब्द बोलून गेले. आणि दुसरा साक्षीदार हयात नसताना त्याची सही रीतसर झाली, हेही जिवंत साक्षीदारालाच सांगता आलं पाहिजे. मी सही करून लगेच घरी गेले असते तर ते मला सांगता आलं नसतं.

त्या आल्याच्या चहावर सगळं तोललेलं होतं.

परिच्छेद चार नव्यानं टाइप झाला. मुन्शीनं कुरकुरत का होईना, केला.

पहिली पेशी डिसेंबरात. आमच्याकडे तारखेला पेशी म्हणतात. पुण्याची माझी नणंद ऐकून हसते, पण नागपूर 1956 पर्यंत मध्य प्रदेशात होतं आणि कोर्टातले शब्द तिकडचे चिकटलेले आहेत, असं ह्यांचं मत. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन, त्यामुळे सिव्हिल लाइन्समध्ये जिथे तिथे बॅरिकेड. मेट्रोनं सीताबर्डी, तिथं गाडी बदलून झिरो माइल, पुढे चालत. आकाशवाणी चौकापर्यंत तीन पोलिसांनी विचारलं कुठं जाता. समन्स दाखवलं की सोडायचे. आयुष्यात पहिल्यांदा कागद दाखवून रस्ता मोकळा झाला.

न्यायमंदिराच्या इमारतीत शिरल्यावर मात्र मी जी गोंधळले ती गोंधळलेच. कुणाच्या काखेत लाल फडक्यात बांधलेल्या फायली, कुणी डबा घेऊन आलेलं, एक बाई जिन्यात बसून बाळाला पाजत होती. भिंतीवर त्या दिवसाचा बोर्ड. आमचा नंबर 43. अकराला साहेब बसले आणि शिपायानं दारात येऊन पुकारा सुरू केला. वादीचं नाव, मग "विरुद्ध", मग प्रतिवादीचं. एकाच बापाची दोन नावं, मध्ये "विरुद्ध". काका असते तर शिपायाला दरडावले असते.

43 पर्यंत गाडी गेलीच नाही. दुपारी तीनला कळलं, पुढची पेशी.

दुसऱ्या पेशीला न्यायाधीश रजेवर. तिसरीला वकिलांचं कामकाज बंद, कुणा ज्येष्ठ वकिलाचं निधन झालं होतं. चौथीला समोरचे वकील दुसऱ्या कोर्टात अडकले आणि त्यांनी तहकुबीचा अर्ज दिला. न्यायाधीशांनी खर्च बसवून तो मंजूर केला. दिवाणी प्रक्रिया संहितेत म्हणे एका पक्षाला तीनहून जास्त तहकुब्या देऊ नयेत असं लिहिलंय. मी मोजल्या. रजेची आणि बंदची त्यात धरत नाहीत. दरवेळी शिपाई आत जायचा, बाहेर यायचा, पुढची तारीख सांगायचा आणि आम्ही ती मोबाइलमध्ये लिहून घ्यायचो. नंतर मुन्शीनं ई-कोर्ट्सचं ॲप टाकून दिलं. सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर नंबर टाकला की दाव्याची जन्मकुंडली निघते, दाखल कधी, प्रत्येक पेशीला काय झालं, पुढची केव्हा. माझ्या चार हेलपाट्यांचे त्यात चार छोटे शेरे होते.

पण या फुकट गेलेल्या दिवसांनी मला एक गोष्ट दिली. बाकावर बसून मी दुसऱ्यांच्या साक्षी ऐकल्या. आणि लक्षात आलं की साक्षीदार सगळ्यात जास्त कधी घसरतो, तर विचारलेलं सोडून जेव्हा तो न विचारलेलं सांगायला लागतो. एक गृहस्थ धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या, वादात साक्षीला उभे होते. वकिलानं विचारलं, विहीर कुठल्या बाजूला आहे? त्यांनी विहीर कुणी खणली, किती फुटांवर पाणी लागलं, लग्नात तिथं पंगत कशी बसली, सगळं सांगितलं, आणि त्या ओघात विहीर भलत्याच दिशेला जाऊन बसली. त्यांचा वकील कपाळाला हात लावून बसला. मी ठरवलं: विचारेल तेवढंच. तेव्हा हे शहाणपण वाटलं होतं.

बाकावर एक म्हातारे वकील भेटायचे, काळा कोट हिरवट पडलेला. ते मला इतिहास सांगायचे. नागपूरला 1936 साली स्वतःचं हायकोर्ट मिळालं होतं, हिदायतुल्ला साहेब इथले मुख्य न्यायमूर्ती होते आणि पुढे देशाचे सरन्यायाधीश झाले, 1956 मध्ये राज्यं बदलली आणि इथं मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ झालं. "आमचं हायकोर्ट होतं बाई," असं ते घरचा वाडा विकल्यासारखं म्हणायचे. त्यांची स्वतःची एक केस अठरा वर्षांपासून त्याच इमारतीत चालू होती, हे त्यांनी हसत सांगितलं.

पाचवी पेशी एप्रिलात. ऊन असं की झिरो माइलपासून चालताना डोळ्यांपुढे काजवे. कोर्टात वाळ्याच्या ताट्यांचा वास येणारा मोठा कुलर, त्याच्यासमोरची जागा सगळ्यांना हवी. आमचा पुकारा बाराच्या सुमारास झाला. मी उठले. पलीकडे काकांची लेक बसली होती. लहानपणी मी तिला गणितं शिकवलीत. तिनं माझ्याकडे पाहिलं, मान खाली घातली. मीही घातली.

शपथ झाली. ईश्वरसाक्ष खरे सांगेन. प्रतिज्ञापत्रावरची सही माझी, मजकूर खरा. मग ते मृत्युपत्र माझ्या हातात दिलं. अकरा वर्षांनी. काकांची सही शेवटी जराशी खाली उतरलेली, रेल्वेच्या सिग्नलसारखी. माझी सही तेव्हा किती ठसठशीत होती. ही काकांची, ही माझी, ही दुसऱ्या साक्षीदाराची, माझ्या देखत झालेली. कागदाला निशाणी नंबर पडला.

न्यायाधीश माझ्या मुलीच्या वयाच्या होत्या. त्यांनी मला बसायला खुर्ची द्यायला लावली. समोरच्या वकिलांनी पहिला प्रश्न विचारला, मी मान हलवली. न्यायाधीश म्हणाल्या, "आजी, तोंडानं सांगा. मान टाइप होत नाही."

मग सुरू झाली ती गंमत. मी बोलायची, न्यायाधीश ते ऐकून टायपिस्टला सांगायच्या, आणि समोरच्या पडद्यावर माझं बोलणं दुसऱ्याच मराठीत उमटायचं. मी म्हटलं, "त्यांना मोतीबिंदू होता हो, पण दिवाळीआधीच ऑपरेशन झालं होतं, काळा चष्मा लावून फिरत होते कितीतरी दिवस." पडद्यावर आलं: "हे म्हणणे खरे आहे की, मयतास मोतीबिंदू होता. साक्षीदार स्वतःहून सांगते की, मृत्युपत्रापूर्वी त्यांची शस्त्रक्रिया झाली होती." काळा चष्मा गेला. काय ठेवायचं आणि काय गाळायचं, ते त्या इतक्या चटकन करत होत्या की मला कौतुक वाटलं. तीन मिनिटांचं माझं बोलणं दीड ओळीत, आणि अर्थ जागेवर.

उलटतपासाचे बरेचसे प्रश्न हे प्रश्न नसतातच. वकील एक विधान करतो आणि तुम्ही ते खरं की खोटं ते सांगायचं. "काकांना वाचता येत नव्हतं, हे म्हणणं खरं नाही का?" यावर मी "हो" म्हटलं आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. हो म्हणजे काय? खरं आहे, की खरं नाही हे खरं आहे? न्यायाधीशांनी प्रश्न सरळ करून विचारला. "वाचता येत होतं. चष्मा लावून वाचलं," मी सांगितलं.

मग तो प्रश्न आला. "तुम्ही सही केली त्या वेळी दुसरे साक्षीदार तिथे हजर नव्हते?"

"नव्हते."

"मयतानं सही केली तेव्हाही नव्हते?"

"नव्हते."

वकिलांनी मागे वळून आपल्या अशिलाकडे पाहिलं, जिंकल्यासारखं. पडद्यावर ओळ उमटली: "हे म्हणणे खरे आहे की, मयताने सही केली त्यावेळी दुसरे साक्षीदार हजर नव्हते." वकीलबाईंनी मान वर केली नाही. त्या काहीतरी लिहीत राहिल्या. न्यायाधीशांच्या चेहऱ्यावरही काही नाही. आत एक मिनिट शांतता, मग पुढचा प्रश्न. मला तेव्हा वाटलं, हे प्रतिज्ञापत्रात आधीच लिहिलंय, यांनी वाचलं नाही की काय. पण नंतर कळलं, त्यांनीही वाचलं होतं; त्यांना ते माझ्या तोंडून पक्कं करून घ्यायचं होतं. युक्तिवादात ते त्याचं काय करणार होते ते शेवटपर्यंत कळलं नाही.

"मृत्युपत्र तुमच्यासमोर कुणी वाचून दाखवलं का?"

"नाही. काकांनी स्वतः वाचलं."

इथं ते थांबले. कागद उलटले. मी श्वास रोखून होते. पुढचा प्रश्न मला माहीत होता: वाचताना ते काही म्हणाले का? तो त्यांनी विचारला नाही. म्हाताऱ्या वकिलांनी मला बाकावर सांगितलंच होतं, उत्तर माहीत नसलेला प्रश्न उलटतपासात कुणी शहाणा वकील विचारत नाही.

शेवटी ठरलेलं वाक्य: "हे म्हणणे खरे नाही की, मी प्रतिवादीच्या सांगण्यावरून खोटी साक्ष देत आहे." जबाब वाचून घेतला, सही केली, प्रत्येक पानावर. प्रतिवादीचा साक्षीदार क्रमांक 2. चाळीस मिनिटं.

बाहेर चहाच्या टपरीवर लेक आली. मला वाटलं भांडेल. तिनं आधी माझ्या चहाचे पैसे दिले.

"काकू, घराचं जाऊ द्या. मला एकच सांगा. ते वाक्य बाबांनी सांगितलं होतं का?"

कुठलं वाक्य हे मला विचारावं लागलं नाही. दुसऱ्या पानावर होतं: "मुलीच्या लग्नात ऐपतीपेक्षा जास्त खर्च केला असून तिला तिचा हिस्सा त्याच वेळी पोचला आहे, सबब तिचा कोणताही हक्क उरलेला नाही." तिचं लग्न रजिस्टर झालं होतं. खर्च कसला, पेढ्यांचा.

काकांचं बोट थांबलं होतं ते या ओळीवर. पुटपुटले होते ते हे: "हे मी नाही सांगितलं. टायपिंगवाल्यानं आपल्या मनानं घातलं. असू द्या, आता परत कुठं जाता." आणि सही केली. मी बँकेतली बाई. चेकवर एक अक्षर खाडाखोड असली तर सही घेतल्याशिवाय पुढे जाऊ न देणारी. मी म्हणायला हवं होतं, काका, ओळ खोडा, बाजूला सही करा. नाही म्हटलं. रविवार होता, घरी कुकर लावायचा होता.

मी तिला ते जसंच्या तसं सांगितलं.

"हे आत का नाही सांगितलं?"

"कुणी विचारलं नाही."

ती बराच वेळ कप हातात घेऊन उभी राहिली. मग म्हणाली, "तुम्हाला मेट्रोपर्यंत सोडते." गाडीवर मागे बसून आले. दोघीही काही बोललो नाही.

संध्याकाळी मी वकीलबाईंना फोन करून हेच सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाल्या, यानं मृत्युपत्र मोडत नाही. उलट त्यांनी शब्द न् शब्द वाचला होता, हेच दिसतं. समोरच्यांना वाटलं तर तुम्हाला परत बोलावायचा अर्ज ते करू शकतात. मी म्हटलं, केला तर येईन. ह्यांनी विचारलं, आता कशाला उकरतेस? मला उत्तर देता आलं नाही.

अर्ज झाला नाही. पावसाळ्यात ॲपमध्ये वेगळाच शेरा दिसला: प्रकरण मध्यस्थीकडे पाठवलं. संहितेच्या कलम 89 खाली कोर्ट असं करू शकतं. मध्यस्थीत काय बोलणं झालं ते बाहेर सांगायचं नसतं, आणि दोघांनी कुणीही मला सांगितलं नाही. एवढंच कळलं की घर भावाकडे राहणार, बहिणीला तो हप्त्यांनी रक्कम देणार, आणि पुढच्या लोक अदालतीत तडजोड होणार. लोक अदालतीच्या निवाड्यावर अपील नसतं, म्हणजे जे लिहाल ते कायमचं.

लोक अदालतीच्या आदल्या आठवड्यात लेकीचा फोन आला. "काकू, तडजोडीच्या पुरसिसचा मसुदा व्हॉट्सॲपवर पाठवलाय. सही करायच्या आधी एकदा तुम्ही वाचून पाहता का? मला त्या भाषेतलं काही कळत नाही."

पुरसिस म्हणजे कोर्टात द्यायचं लेखी निवेदन. तीन पानं होती. मी झेरॉक्सवाल्याकडून छापून आणली. रकमा बरोबर, तारखा बरोबर, चतुःसीमा बरोबर. दुसऱ्या पानावर सहावं कलम: "सदर मृत्युपत्र व त्यातील सर्व मजकूर वादीस मान्य व कबूल आहे."

नेहमीचाच मजकूर असणार, सगळ्यांत असतो. "सर्व मजकूर" या दोन शब्दांखाली मी पेन्सिलनं रेघ ओढली आणि तिला फोन लावला.